लाल गेलेले, पांढरे राहिलेले

वैजयंती बिवलकरला चढा आवाज सोसत नसे. मिक्सर, कुकर, वरच्या मजल्यावरचं सुतारकाम, कशाचं काही वाटायचं नाही. पण माणूस माणसावर ओरडला की तिचे तळहात गार पडत. त्याचं मूळ चिपळूणच्या घरात होतं. तिचे वडील कचेरीत कारकून. बाहेर इतके मवाळ की शेजारीपाजारी आपल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देत. घरी मात्र आमटीत मीठ कमी पडलं की भरलं ताट भिंतीवर जायचं. एकदा ते भिंतीऐवजी आईच्या कपाळावर बसलं. भुवईवर टाके पडले. डॉक्टरांना आईनं मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं, आणि डॉक्टरही मान हलवून सुई ओवत राहिले. आईचा पदर धरून उभी असलेली वैजयंती ते सगळं बघत होती.

त्या घरात ती एकच विद्या शिकली. शब्द मऊ ठेवायचा. मीठ कमी आहे का, असं विचारायचंच नाही; मिठाची वाटी गुपचूप ताटाशेजारी सरकवायची. फी भरायची राहिली, असं म्हणायचं नाही. बाईंनी आठवण केलीय, म्हणायचं. टोकदार शब्द जिभेवर आला की ती तो तिथल्या तिथे घोळवून गोल करायची आणि मगच बाहेर सोडायची. लग्न होऊन नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये आली तेव्हा सासूबाईंनी सोसायटीत कौतुकानं सांगितलं होतं, की आमच्या सुनेच्या तोंडून वावगा शब्द म्हणून निघायचा नाही. नवरा सुधीर रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा. हात उगारणारा नव्हता. रागावला की दार आपटून गॅलरीत जायचा, एवढंच. वैजयंतीला तेही पुष्कळ वाटायचं.

ती संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, वर कॉम्प्युटरचा कोर्स. वाशीत चार-पाच माणसांच्या एका कंपनीत ती नर्सिंग होमची बिलं काढणारे प्रोग्रॅम लिहायची. त्या कामातच डॉ. अभिराम सबनीसांची ओळख झाली. त्यांचं वीस खाटांचं नर्सिंग होम मार्केटच्या रस्त्यावर होतं, त्यामुळे मोडलेले हात, ठेचलेली बोटं आणि फुटलेली डोकी त्यांच्याकडे रोजचीच. बिलाचा प्रोग्रॅम बसवून झाल्यावर ते एकदा म्हणाले की बिलाचं सोडा, मला दुसरंच काहीतरी करून द्या. पेशंटच्या लोकांना समजावून सांगायला जावं तर म्हणतात, तुमी ठरवा डॉक्टर. ठरवलं आणि बिघडलं की हेच लोक कॉलर धरतात. कानाच्या मागची खूण त्यांनी तिला दाखवली. एका म्हातारीच्या मुलानं स्टूल फेकून मारलं होतं. औषध की ऑपरेशन, कशात काय धोका, ते डॉक्टरनं आणि घरच्यांनी एकत्र बसून पडद्यावर बघावं आणि मिळून ठरवावं, असं काहीतरी हवं होतं त्यांना.

वैजयंतीनं ते काम मनावर घेतलं. तिच्यासाठी ते नुसतं काम नव्हतंच. एक खोली, एक पडदा, डॉक्टरची आणि पेशंटची मान एकाच दिशेला, आणि कुणीही कुणावर ओरडत नाही. असं घर असतं तर कसं झालं असतं, असा काहीतरी विचार तिच्या मनात असावा. ऑफिस सुटल्यावर ती नर्सिंग होममध्ये येऊन बसायची, डॉक्टरांनी जाडजूड पुस्तकांतून काढून दिलेले आकडे बघायची. आकडे लोकांना समजत नाहीत, हे तिला पहिल्या आठवड्यात कळलं. शेकडा चाळीस म्हटलं की माणसं मान डोलवत आणि बाहेर जाऊन कंपाउंडरला विचारत, म्हणजे बरं का वाईट? म्हणून तिनं शंभर माणसं काढली. गोल डोकं, खाली धड, दहा-दहांच्या रांगा. डावीकडे एक उपाय केला तर त्या शंभरांचं काय होतं ते चित्र, उजवीकडे दुसरा उपाय. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही नुसतं बघावं आणि कळावं.

शब्दांवर मात्र ती अडली. चित्राखाली तिनं आधी ‘मेलेले’ आणि ‘जगलेले’ असं टाईप केलं. पडद्यावर ती अक्षरं तिच्याकडे बघायला लागली तशी तिनं ती पुसली. कुणाची बायको समोर बसणार, कुणाची आई. त्यांच्या तोंडावर मेलेले? डॉक्टरही म्हणाले, जरा सौम्य घ्या. मग तिनं लिहिलं, लाल म्हणजे गेलेले, पांढरे म्हणजे राहिलेले. लाल रंग डॉक्टरांनी सुचवला. धोका तो लालच असतो. सासूबाईंना दाखवलं, सोसायटीतल्या बँकेतल्या बाईंना दाखवलं, ऑफिसच्या हिशेबनिसाला दाखवलं. तिघांनाही एका नजरेत समजलं. सासूबाई तर म्हणाल्या, किती छान लिहिलंयस गं, वाचताना धक्का बसत नाही.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात ट्रक खाली करण्यावरून हमालांच्या दोन टोळ्या भिडल्या. आधी आईबहिणी, मग दगड, मग पोती ओढायचे लोखंडी आकडे. साताऱ्याकडचा कृष्णात शेलार मागच्या मागे सरकत होता तेव्हा कुणीतरी त्याच्या पोटरीत आकडा घातला आणि पिरगाळला. तो पडला. पडलेल्या पायावरून भरलेली हातगाडी गेली, चुकून की मुद्दाम ते शेवटपर्यंत ठरलं नाही. थोरला भाऊ हौसेराव, टोळीचा मुकादम, त्याला टेम्पोत घालून सबनीसांकडे घेऊन आला. नर्सिंग होमच्या पायरीपासून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत रक्ताचा पट्टा ओढला गेला. मागून कृष्णातची बायको गोजरा आली, ती त्या पट्ट्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत होती.

पोलिसांत नोंद झाली. डॉक्टरांनी फाटलेलं शिवलं, हाड बसवलं. दुसऱ्या दिवशी पाऊल गार लागायला लागलं, बोटं निळी पडली, पट्टी उघडली की वास यायचा. पाय गुडघ्याच्या वर काढावा, की ठेवून रोज जखम उघडून साफ करावी आणि औषधावर भिस्त ठेवावी, असा प्रश्न उभा राहिला. डॉक्टरांनी वैजयंतीला फोन करून बोलावून घेतलं. आजवर पडद्यावर मूतखडे आणि हर्निया झाले होते. जिवाशी गाठ असलेला हा पहिलाच पेशंट.

कॉम्प्युटर डॉक्टरांच्या तपासायच्या खोलीत, टेबलाला जखडलेला. खुर्चीवर हौसेराव बसला, पांढरा लेंगा, खिशाला चष्मा. त्याच्या पाठीमागे गोजरा डोक्यावरून पदर घेऊन उभी. थोरल्या दिरासमोर ती बसणार नव्हती. कृष्णात तिकडे वॉर्डात खाटेवर होता. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं दाखवली. हे पाय काढल्यावर, हे पाय ठेवल्यावर. शंभर माणसं अशीच जखमी झाली तर त्यातली इतकी गेलेली, इतकी राहिलेली. डावीकडे लाल ठिपके थोडेसे, एका कोपऱ्यात. उजवीकडे अर्ध्याच्यावर पडदा लाल.

हौसेरावनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर फोडून मोठ्यानं वाचलं. लाल, गेलेले. पांढरे, राहिलेले. मग उजव्या चित्रावर तळहात ठेवून तो गोजराला म्हणाला की बघ, आपन म्हनत होतो तेच निघालं, पाय ठिवायचा. गोजरानं पदराआडून मान हलवली.

डॉक्टर जरा थबकले. म्हणाले, “नीट बघून घ्या. पाय ठेवण्यात जोखीम जास्त आहे.”

“जोखीम हमालीतबी हाय, डाक्टर,” हौसेराव म्हणाला. “आमी बघितलं. सगळं बघितलं.”

डॉक्टरांनी वैजयंतीकडे पाहिलं. पाय काढू न देणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. पण इतक्या खुशीत नकार देणारी पहिलीच. वैजयंतीनं डोळ्यांनीच खुणावलं, त्यांना ठरवू द्या. त्या प्रोग्रॅमचा नियमच तो होता आणि तो तिनं घातला होता. डॉक्टरनं दाखवायचं, ढकलायचं नाही. पाय काढायचा नाही, अशा कागदावर गोजरानं अंगठा उमटवला. जाताना हौसेरावनं मॉनिटरच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, मशीनला अक्कल हाय. त्या संध्याकाळी वैजयंती घरी गेली ती जरा तरंगतच. आपल्याला त्यांचा निर्णय पटत नाही, पण समजून उमजून घेतलाय ना, असं तिनं सुधीरला सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही, हेही सांगितलं.

पाय वरपर्यंत काळा होत गेला. कातडीखाली बोट दाबलं की करकर वाजायचं. कृष्णात तापात बरळायला लागला, खाटेच्या दांड्या उपटायला लागला, दोन वॉर्डबॉय त्याच्या छातीवर बसत. गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी हौसेरावला स्पष्ट सांगितलं की आत्ताच्या आत्ता पाय मांडीपासून काढला नाही तर संध्याकाळ बघणार नाही. कापूनही वाचेल याची खात्री नाही. पण न कापता तर नाहीच नाही.

हौसेराव उठला, समोरच्या एस.टी.डी. बूथवर गेला. थोड्याच वेळात मार्केटकडून एक टेम्पो आला आणि त्यातून माणसं उतरली, कुणी घामानं निथळत, कुणाच्या खांद्यावर अजून आकडा.

वैजयंती त्या दिवशी बिलांच्या कामाला आली होती. तिला पहिल्यांदा काच फुटल्याचा आवाज आला. मग बाकड्यांचा, मग माणसांचा. दाराच्या फटीतून तिनं बघितलं. कंपाउंडर हात जोडून उभा होता आणि कुणीतरी त्याचं तोंड काउंटरच्या कडेवर आपटत होतं. तिसऱ्या आपटीला त्यानं हात सोडले. सलाईनच्या बाटल्या फरशीवर फुटत होत्या. सोफ्याच्या रेक्झिनमध्ये आकडा घालून एकानं तो उभा फाडला. डॉक्टरांना दोघांनी धरलं होतं आणि हौसेराव त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन एकच गोष्ट परत परत विचारत होता, मशीननं पाय ठिवा सांगितलं, मग आता कापायचं कुनी सांगितलं? पैशापायी का? डॉक्टर काहीतरी सांगायला गेले तेव्हा त्यांच्या भुवईवर ठोसा बसला. रक्त डोळ्यात उतरलं.

वैजयंती दारापासून मागे सरली. टेबलाखाली बसावं, एवढंच तिला सुचलं. तेवढ्यात दार ढकलून गोजरा आत आली. तिनं काही विचारलं नाही. वैजयंतीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला ओढत मॉनिटरसमोर आणलं.

“लाव. पाय ठिवल्याचं चित्र दाव.”

वैजयंतीनं दोनदा भलतीच कळ दाबली. चित्र आलं. गोजरा पडद्यावर बोट टेकवून एकेका लाल माणसावरून पुढे जात राहिली. ओठ हलत होते. एक रांग संपली, दुसरी संपली.

“एवढी मानसं घरला गेली,” ती म्हणाली. “आमचंच मानूस का जात न्हाई मग?”

“घरी?”

“लाल. गुलाल उधळून घरला गेल्याली. तुमीच लिवलंय न्हवं, गेलेले? भावजींनी वाचलं. पांढरी ती दवाखान्यात ऱ्हायल्याली, पडून.”

वैजयंतीनं पडद्याकडे बघितलं. तीच माणसं, तीच अक्षरं. तिचं सगळं जसंच्या तसं होतं आणि त्यात एकही गोष्ट तिला वाटली तशी नव्हती. निवडणूक जिंकलेला, कुस्ती मारलेला, जत्रेतनं परतलेला, सगळे लालच असतात. आणि गेलेला माणूस घरीच गेलेला असतो, जोवर कुणी तोंड उघडून दुसरं काही सांगत नाही तोवर.

बाहेर काहीतरी जड उलथलं. ही गोष्ट अजून कुणालाही ठाऊक नव्हती. डॉक्टरांनाही नाही. दोन मिनिटांत ही माणसं या खोलीत आली असती, मॉनिटर फोडला असता, आणि त्याबरोबर सगळं संपलं असतं. अडाणी लोक होते, ऐकलं नाही, असं म्हणता आलं असतं. डॉक्टर तेच म्हणाले असते. पण भिंतीपलीकडे कृष्णातचा आवाज येत होता, ओरडण्याचाही नाही, नुसता घशातून घरघरल्यासारखा. ही बाई जोवर लाल म्हणजे घरी गेलेले समजून उभी आहे, तोवर त्याच्या पायाला सुरी लागणार नव्हती.

“गोजराबाई,” ती म्हणाली. तिची वेणी अजून गोजराच्या मुठीत होती. “लाल म्हणजे मेलेले. पांढरे जगलेले. पाय ठेवला तर अर्ध्याच्यावर मरतात. मला तसं लिहायला पाहिजे होतं. मी लिहिलं नाही.”

गोजराची मूठ सुटली. मग पहिली चपराक बसली, मग दुसरी, मग त्या मोजण्यासारख्या राहिल्या नाहीत. गोजरा मारत होती आणि प्रत्येक हाताबरोबर तेच म्हणत होती.

“मेलेले लिवायला तुजी बोटं झडत हुती का? सांग. झडत हुती का?”

वैजयंतीनं हात वर केले नाहीत. तिचा चष्मा उडाला, ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. चिपळूणच्या घरात इतकी वर्षं ज्याची वाट बघत ती भिंतीला चिकटून उभी राहायची, ते शेवटी तिला एका परक्या बाईकडून मिळालं.

दारात हौसेराव उभा होता. त्यानं किती ऐकलं ते कळलं नाही. गोजरानंच वळून त्याला सांगितलं, “भावजी, लाल मेल्याली हायती.”

मग तो खिशातला चष्मा चाचपायला लागला, जणू परत वाचून बघणार होता. सगळ्या टोळीसमोर वाचणारा तोच, थाप मारणारा तोच, आणि गावाकडे फोन करून मशीननं काय सांगितलं ते ऐकवणाराही तोच. चष्मा सापडला नाही. हातात आकडा होता. त्याच्या लाकडी मुठीनं त्यानं वैजयंतीच्या जबड्यावर मारलं. काड्कन आवाज झाला तो तिला कानातून नाही, हाडातून ऐकू आला. ती खुर्चीसकट पडली. दुसरा फटका खांद्यावर बसला. मग त्यानं मॉनिटर वायरीसकट उपटला आणि भिंतीवर घातला. काच सगळ्या खोलीत पसरली.

“कापायचं न्हाई,” तो दारातल्या माणसांकडे वळून म्हणाला. “लंगडा करून काय आयुष्यभर पोसू? मरंल तर गड्यासारखा मरंल.”

फरशीवर पडलेल्या वैजयंतीला गोजराची पावलं दिसत होती. काचेवरून ती तशीच पुढे गेली. तिच्या डोक्यावरचा पदर कधी खाली आला होता कुणास ठाऊक. व्हरांड्यात आडवा पडलेला सलाईनचा स्टँड तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि थोरल्या दिराच्या कोपरावर घातला. आकडा खणखणत लांब गेला. तो वळला तर दुसरा घाव गुडघ्यावर. हौसेराव खाली बसला. टोळीतला एकही माणूस पुढे झाला नाही; मुकादमाला त्याच्या भावजयीनं मारलेलं त्यांनी आधी पाहिलं नव्हतं आणि अशा वेळी काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

“तू वाचलंस, तू ठरावलंस,” गोजरा म्हणाली. त्या बाईनं त्याला एकेरी हाक मारली ती त्या दुपारी, आणि त्यानंतर कधीच नाही. “आता मी सांगते. डाक्टर, कापा.”

डॉक्टरांनी एका हातानं भुवई दाबून धरली आणि दुसऱ्यानं नर्सला खूण केली. ज्या दोघांनी त्यांना धरलं होतं त्यांनीच कृष्णातची खाट ढकलत आत नेली.

पोलीस आले ते सगळं झाल्यावर.

वैजयंतीचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. कित्येक आठवडे नळीनं पेज प्यायची, बोलायचं नाही. सुधीर चिडून चिडून काळा-निळा झाला. जबाब घ्यायला हवालदार घरी आला तेव्हा तिनं कागदावर लिहून दिलं की मारणारा हौसेराव शेलार, मार्केटातला मुकादम. त्याला अटक झाली. माफ वगैरे करण्याचा विचार तिच्या मनात आला नाही. तिला रात्री कूस बदलता येत नव्हती. पण तिनं पुढे आणखी चार ओळी लिहिल्या होत्या, चित्राखालचे शब्द आपले होते आणि ते चुकीचे होते, म्हणून. त्या वाचल्यावर सुधीरनं तेवढा कागद फाडला. ती परत लिहायला लागली तसं त्यानं तिचं मनगट धरलं, दुखेल इतकं धरलं. “मार खाल्लास तो पुरला नाही का?” तो म्हणाला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तारा बांधलेल्या तोंडानं वैजयंतीच्या घशातून जो आवाज निघाला तो त्या घरात कुणी ऐकला नव्हता. सुधीरनं हात सोडला. कागद तिनं पुन्हा लिहिला आणि हवालदारानं तो घडी करून नेला. पुढं त्याचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही.

कॉम्प्युटर ऑफिसातून दुसरा आणला. पहिल्याच दिवशी तिनं शब्द बदलले. मेले. जगले. लाल काढून काळा रंग घातला. डॉक्टर म्हणाले, फार अंगावर येतं हो. तिनं पाटीवर लिहून दाखवलं, येऊ दे.

कृष्णात जगला. पण उरलेल्या मांडीची कड पुन्हा काळवंडायला लागली. आणखी वर कापायचं, की थोडे दिवस थांबून बघायचं, असा प्रश्न परत उभा राहिला. वैजयंतीनं प्रिंटरवर दोन्ही चित्रं छापली आणि डॉक्टरांबरोबर वॉर्डात गेली. गोजरा खाटेशी बसली होती. डॉक्टर सवयीनं तिच्याकडे वळले आणि सांगायला लागले. तेव्हा खाटेवरच्या माणसानं हातातला स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. गरम चहा वैजयंतीच्या दंडावर उडाला.

“मला कुनी इचारलं?” कृष्णात म्हणाला.

डॉक्टर म्हणाले की तुम्ही तापात होता, शुद्ध नव्हती.

“चित्र दावलं त्या दिशी हुती. त्या दिशी मी हितं उठून च्या पीत बसलो हुतो. तुमी समदी पलीकडच्या खोलीत चित्र बघत हुता.” त्यानं चादर बाजूला फेकली. “मला दावलं असतं, नीट सांगितलं असतं, तरीबी मी ठिवाच म्हनलो असतो. मेलो असतो तर माजा मी मेलो असतो.”

गोजरानं पाय खाटेखाली ओढून घेतले. तिच्या तळपायांना अजून पट्ट्या होत्या.

वैजयंती पुढं झाली आणि छापलेले कागद तिनं त्याच्या पोटावर ठेवले. नर्सनं एकेक सांगितलं. काळी ती मेलेली, मोकळी ती जगलेली, हे कापल्यावर, हे थांबल्यावर. त्यानं बोटानं काळी माणसं दाबून बघितली, पुसून निघतात का ते बघावं तशी.

“आन् ह्ये जगल्यालं,” तो वैजयंतीला म्हणाला, “एका पायाचा हमाल. त्यातलं किती टिकत्यात पुढं? त्याचं चित्र काडलंय का?”

तिनं पाटी घेतली. तीन-चार वेगवेगळी वाक्यं तिच्या मनात येऊन गेली, सगळी गुळगुळीत. तिनं लिहिलं, नाही. मला माहीत नाही. नर्सनं ते वाचून दाखवलं.

कृष्णातनं तिच्या सुजलेल्या जबड्याकडे, तारांकडे बघितलं. ते आपल्या भावाचं काम, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार. त्यानं कागद गोळा करून डॉक्टरांच्या हातात कोंबले.

“कापा,” तो म्हणाला. “पर ह्या टायमाला मी सांगितलं म्हनून कापा.”

डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून त्याला परत विचारलं, मोठ्यानं, मेले आणि जगले हे दोन्ही शब्द उच्चारून. त्यानं परत तेच सांगितलं. मग डॉक्टरांनी वॉर्डबॉयला स्ट्रेचर आणायला पाठवलं.